तोंडावर टाकलेली अक्षरं

तीनेक आठवड्यांपूर्वी दोरीवरची पांढरी ओढणी काढायला गेले तर तिच्यावर काळे, बारीक, हलके तुकडे बसलेले. फुंकर मारली की उडतात, बोट लावलं की पसरतात. कारखान्याच्या धुराड्यातून आलेली काजळी. म्हणजे ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला. आमच्या कोऱ्हाळ्यात हे कळायला तारीख बघावी लागत नाही. आधी भोंगा, मग मळीचा आंबूस वास, मग ही काजळी. रस्त्यावर उसाचे तुकडे पडतात, चाकांखाली त्यांचा चोथा होतो आणि त्या चोथ्यावर मधमाश्या येऊन बसतात.

काजळी दिसली की आई कपडे घरात वाळत घालते. मला मात्र गेल्या वर्षीपासून काजळी दिसली की मोबाइलचा पडदा आठवतो. पडद्यावर एका मुलीचा चेहरा, आणि त्याच्यावर बरोबर मधोमध बसवलेली पिवळी अक्षरं. ती मी टाकलेली. तिथं ती असायला हवी होती की नको, यावर मी वर्षभर स्वतःशी भांडते आहे. एरवी मला भांडणात कुठल्या बाजूला उभं राहायचं ते लगेच कळतं. इथं कळत नाही.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, शेती करायचे आणि उरलेल्या वेळात भांडायचे. कालव्याचं पाणी, दुधाचा दर, शाळेचं गळकं छप्पर, कशावरही पत्रक निघायचं. गुलाबी, पिवळा, हिरवट असा पातळ कागद, त्याला शाईचा आणि रॉकेलचा वास. मी वाचायला शिकले ते त्या कागदांवर. मी लावलेला पहिला शब्द 'जाहीर' आणि दुसरा 'निषेध', हे आबा अजून पाहुण्यांना कौतुकानं सांगतात.

आठवडी बाजारात ते पत्रकं वाटायचे तेव्हा मी त्यांच्याबरोबर असायचे. कुणी न वाचता टाकून दिलं तर आबा वाकून ते उचलायचे, धूळ झटकायचे आणि पुढच्या माणसाच्या हातात द्यायचे. त्यांना राग येत नसे. म्हणायचे, "आज न्हाय वाचलं तर शेव बांधून घरी नेईल. शेव संपली की वाचंल." पत्रकाकडं असा धीर होता. ते मडक्याखाली, फळीवर, वहीच्या कव्हरात जाऊन बसायचं आणि वाट बघायचं.

आबांचा एकच नियम होता. खाली नाव नसेल ते पत्रक नव्हे. "बोलायचं तर तोंड दाखवून बोलायचं," असं ते म्हणायचे, आणि हे वाक्य मी दुधाबरोबर प्यायले आहे.

गेल्या हंगामात मावशीचा फोन आला. मावशी अंथुर्ण्याच्या पुढं आत एका वस्तीवर राहते. तिच्या शेजारची कोमल तेव्हा अकरावी सायन्सला होती, बारामतीच्या एका कॉलेजात. कॉलेजची बस रोज सकाळी आत वस्तीच्या फाट्यापर्यंत यायची. हंगाम सुरू झाला, अरुंद रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर जोडट्रॉल्या घेऊन यायला लागले, आणि बसवाल्यांनी सांगितलं की आता गाडी आत येणार नाही, पोरींनी हमरस्त्यावर येऊन थांबावं. म्हणजे थंडीत, अंधारात, धुक्यात, त्याच अरुंद रस्त्यानं त्याच ट्रॉल्यांच्या कडेकडेनं चालत यायचं. बसला जिथं धोका होता तिथं पोरींना नव्हता, असा एकूण हिशेब.

कोमलचे वडील ट्रक चालवतात, ते महिन्यातून एकदा घरी. घरात शब्द चालतो चुलत्यांचा. त्यांना सगळी वस्ती तात्या म्हणते. पूर्वी ह्या घरची मेंढरं असायची, आता ऊस आहे, दोन म्हशी आहेत. तात्यांनी एका वाक्यात विषय मिटवला होता, "ऊस संपूस्तोवर घरी बस." ऊस संपायला उन्हाळा लागतो. तोवर कॉलेजची हजेरी जाते, प्रॅक्टिकल जातात, वर्ष जातं. आणि एकदा घरी बसलेली मुलगी पुन्हा उठून कॉलेजला जाते असं मी तरी फार पाहिलेलं नाही.

"तू लिहितीस न्हवं," मावशी फोनवर म्हणाली. "मग लिही की कायतरी."

मी लिहिलं. पत्रकच लिहिलं, कारण मला दुसरं काही येत नाही. पण आता कागद कोण वाचतो? म्हणून त्याची रील केली. फाट्यावरच्या रस्त्याचा एक तुकडा शूट केला आणि त्याच्यावर माझा सगळा मजकूर चढवला. 'जाहीर आवाहन' पासून 'आपल्या लेकींसाठी' पर्यंत. बारीक पांढऱ्या अक्षरांत, ओळीखाली ओळ. मला ती फार धारदार वाटली.

विशाल माझा कॉलेजचा मित्र. बारामतीत एसटी स्टँडजवळ त्याचं दुकान आहे, लग्नाचे व्हिडिओ करतो. त्यानं माझी रील पाहिली आणि फोन उलटा ठेवला.

"ही रील हाय का सातबारा?"

"मुद्दे आहेत सगळे."

"मुद्दे हायत गं. पण बघणारा अंगठा लावून बसलेला असतो. त्यो तुझ्या आबांच्या वाचकासारखा बाजारात उभा न्हाय." त्यानं माझ्या पडद्यावर बोट फिरवलं. "हितं वर नाव येतं. हितं उजवीकडं बटनं. खाली कॅप्शन. तुझ्या शेवटच्या चार ओळी त्याच्याखाली गाडल्या गेल्यात. लिहायचं तर मधोमध लिहायचं. मोठं. चार-पाच शब्द, बास. आणि पांढरं कशाला? मागं काय हाय बघितलंस का?"

मागं उसाचे तुरे होते. त्या दिवसांत ऊस तुऱ्यावर येतो, सगळं शिवार पांढुरकं दिसतं, वर धुकं. माझा निषेध त्या तुऱ्यांत विरघळून गेला होता.

मला चीड आली. चार-पाच शब्दांत काय मावतं? आबांच्या पत्रकात 'बंधूंनो आणि भगिनींनो' म्हणण्यातच तेवढे शब्द संपायचे. मी विशालला म्हटलं की विचार कापून कापून तुम्ही लोक त्याची चटणी करता. तो म्हणाला, "चटणी खातात लोकं. तू अख्खी मिरची चावायला देतीस."

परत येताना बस एका उसाच्या ट्रॉलीमागं अडकली. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर मोठ्या अक्षरांत मालकाच्या मुलांची नावं आणि आईचा आशीर्वाद लिहिलेला होता. पुढं जायला वाट मिळेपर्यंत बसमधल्या प्रत्येकानं ते वाचलं असणार. कुणीही मान वळवली नाही. ट्रॉली रंगवणाऱ्यानं कुठल्याही विशालला विचारलेलं नव्हतं. मी खिडकीशी डोकं टेकवून बसले आणि मला पहिल्यांदा शंका आली, की माझ्या लांबलचक वाक्यांतला जोर वाचणाऱ्यासाठी होता की माझ्याचसाठी.

मावशीकडं गेले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. मावशी रील बघते ती आवाज बंद करून. डेअरीत दुधाच्या रांगेत उभी असताना, चुलीवर दूध तापत असताना, एका हातानं. मी विचारलं, आवाज का नाही ठेवत?

"आवाज ठिवला की घरात सगळ्यांना कळतंय काय बघतीया ते. मग हे काय बघतीस, ते काय बघतीस." ती सहज म्हणाली. शेजारच्या बायकाही अशाच बघतात. म्हणजे अक्षरं हाच त्यांचा आवाज. मी मावशीला फोन दिला आणि ती वाचताना तिच्या ओठांकडं बघत राहिले. ती ओठ हलवत वाचते. माझी ओळ तिच्या ओठांवर निम्मी असतानाच पडद्यावरून निघून जायची. मग मी अक्षरं थांबवायला शिकले, मावशीचे ओठ मिटेपर्यंत.

आणि एका सकाळी आम्ही फाट्यावर जमलो. कोमल, तिच्या वर्गातली अश्विनी आणि आणखी तिघी. उजाडत होतं. कुठंतरी पाचट पेटवलं होतं, त्याचा धूर धुक्यात मिसळून जमिनीलगत साचलेला. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांतून, पाचटाच्या झोपड्यांतून, भाकरी थापल्याचा आवाज येत होता. एक ट्रॅक्टर मोठ्यानं गाणं लावून गेला आणि पोरी सवयीनं रस्त्याच्या कडेला, घाणेरीच्या झुडपात, एका ओळीत सरकल्या. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

कोमल कॅमेऱ्यासमोर नीट बोलली. "आमी रोज अंधारात ह्या रस्त्यानं चालतो. ट्रॉलीला मागं दिवा नसतो. बस पयल्यासारखी आत यावी, एवढंच म्हननं हाय." बोलताना तिचा उजवा हात सारखा पुढं-मागं होत होता, पाणी ढवळल्यासारखा. मी तिथंच झुडपाशी बसून अक्षरं टाकली. 'बस आत आली पाहिजे.' पिवळी, काळ्या काठाची, तिच्या खांद्याच्या बाजूला. चेहरा मोकळा. मला ते चांगलं जमलं होतं.

पोरींनी फोनभोवती डोकी गोळा केली. मग कोमल म्हणाली, "ताई, ही अक्षरं वर घ्या जरा."

"किती वर?"

"तोंडावर."

मला वाटलं तिला तांत्रिक काही सुचवायचं आहे. नव्हतं. मग मी चुकीचं बोलले असं नाही, पण जे नेहमीच बोलते तेच बोलले. तोंड का लपवायचं, तुम्ही काय चोरी केलीय, बोलायचं तर तोंड दाखवून बोलायचं.

"चोराचं तोंड कोन बघतंय ताई," कोमल म्हणाली. "पोरीचं बघत्यात."

"मग स्कार्फ बांधून बोल."

ह्यावर अश्विनी हसली. अश्विनीची जीभ तिखट. "स्कार्फ बांधला तर म्हनतील तोंड लपवतीया, कायतरी भानगड हाय. अक्षरं आली तर म्हनतील रील करनाऱ्यानं टाकली, तिला काय म्हाईत. तुमी रील टाकून कोऱ्हाळ्याला जानार ताई. आमी हितंच ऱ्हानार."

मी अक्षरं वर सरकवली. विशालनं सांगितलेली मधली जागा आणि पोरींच्या चेहऱ्याची जागा एकच निघाली. बोटानं ती पिवळी पट्टी कोमलच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत ताणली. ज्या मुलीसाठी भांडायचं तिच्याच तोंडावर आपली घोषणा चिकटवायची. बाईला मुद्द्याच्या मागं लपवायचं, हे तर आजवर सगळ्यांनीच केलं आहे. मी वेगळं काय करत होते? पण ती बाई स्वतःच सांगत असेल तर? सांगतेय ती भीतीपोटी, की हुशारीनं? आणि भीती नि हुशारी वेगळी काढायची कशी?

रील गेली. दोन दिवसांनी मावशीचा फोन.

"डेअरीत समद्यांनी बघितली."

"ओळखलं का कुणी?"

"समद्यांनी वळखलं की. जांभळी पिशवी त्या अश्विनीची. कोमलला आवाजावरनं वळखलं, आन आवाज बंद असनाऱ्यांनी हातावरनं. तिच्या आईचा बी हात असाच हालतुया बोलताना."

"मग?"

"मग काय? कुनी काय बोललं न्हाय. तात्या बी हुतं तितं. त्यांच्या हातात दिला कुनीतरी फोन. लांब धरून बघितलं. परत बघितलं. आन म्हनलं, कुनाची पोर हाय कुनास ठावं, पन बोलतीया खरं."

"आणि लोक?"

"लोकं म्हनली, व्हय तात्या, खरं हाय."

एकानंही म्हटलं नाही की तात्या, ही तुमचीच. फोन हातोहात परत गेला, दुधाची फॅट लागली, कॅन भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या कोमलला म्हणाले, "जा. त्या बाकीच्या पोरींसंगट जा." रीलचं नावही काढलं नाही. आजवर काढलेलं नाही.

ह्या एका गोष्टीनं माझा सगळा गोंधळ झाला. मी समजत होते की अक्षरं पोरींना झाकतायत. त्यांनी काहीच झाकलं नव्हतं. सगळ्या वस्तीला सगळं दिसत होतं. त्या पट्टीनं फक्त एवढं केलं, की दिसूनही न दिसल्यासारखं करायची सोय झाली. ती सोय पोरींपेक्षा तात्यांच्या उपयोगी पडली. चेहरा मोकळा असता तर कुणीतरी म्हणालं असतं, काय तात्या, पुतणी मोबाइलवर आली तुमची. मग तात्यांना रागवावं लागलं असतं, राग आला नसता तरी. चेहऱ्यावर अक्षरं होती म्हणून त्यांना नुसतं ऐकता आलं, आणि ऐकल्यावर खरं ते खरं म्हणता आलं.

हे कोमलला आधीपासून माहीत होतं का? मी विचारलं तर ती म्हणाली, "मला आपलं वाटलं." तेवढंच.

आबांना मी ही सगळी हकीकत सांगितली. वाटलं, ते तरी ठामपणे काही सांगतील. ते म्हणाले, "आमच्या वेळंला असं न्हवतं." आणि थोड्या वेळानं, "आमच्या वेळंला पत्रकाखाली बाईचं नाव बी कधी नसायचं म्हना." आणि उठून गोठ्यात गेले. मला त्यांचं कुठलं वाक्य धरायचं ते कळलं नाही.

बस नंतर आत यायला लागली. पण तोवर उसाचे निम्मे फड मोकळे झाले होते आणि ट्रॉल्या कमी झाल्या होत्या. रीलमुळं आली, पालकांनी कॉलेजात जाऊन सांगितलं म्हणून आली, की ऊसच संपत आला म्हणून आली, हे कुणालाच सांगता येत नाही. विशाल म्हणतो रीलमुळं. मावशी म्हणते देवामुळं. मी मनातून म्हणते माझ्यामुळं, आणि मग मलाच लाज वाटते. पत्रक वाटल्यावर काय घडलं नि काय आपोआप घडलं हे आबांनाही कधी कळत नसे. पण ते पुढचं पत्रक काढायचे.

आणि आता पुन्हा काजळी. पुन्हा बस हमरस्त्यावर. ह्या वर्षी कोमल बारावीला आहे. अश्विनी इंदापूरला हॉस्टेलवर गेली. बाकी तिघींतल्या दोघींची लग्नं झाली, तिसरीनं कॉलेज सोडलं. गेल्या वर्षीच्यांपैकी कोमल एकटी उरली, आणि तिच्या जोडीला ह्या वर्षी अकरावीत आलेल्या दोघी, कविता आणि तिची चुलत बहीण. त्या दोघी अजून रस्त्याला घाबरतात. तात्यांनी पुन्हा सांगितलं, "एकटीनं न्हाय जायाचं. त्या दोन ल्हान पोरी काय संगत व्हनार." बारावीचं वर्ष, आणि पुन्हा तेच घरी बसणं.

मी फोन घेऊन फाट्यावर गेले. ह्या वेळीही माझ्याकडं चारच शब्द होते, गेल्या वर्षीचेच. विशालनं ऐकलं तर हसेल, पण ते चार शब्द ठरवायला मला अख्खी दुपार लागली होती. कोमल, त्या दोघी आणि मी उभ्या होतो तोच तात्या मोटारसायकलवर आले. गाडी स्टँडला लावली, टोपी सारखी केली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी बोललो तर चालंल का?"

कोमल झाडासारखी उभी राहिली. मी म्हटलं, चालेल की.

तात्या तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. आधी हात कुठं ठेवायचे ते त्यांना समजेना, मग मागं बांधले. "ही माझी पुतनी," ते म्हणाले. "कोमल. बारावीला हाय. हुशार हाय. बस हितवर आली पायजे, पयल्यासारखी. ल्हान ल्हान पोरी हायत." मग जरा थांबले. मी फोन खाली करणार तेवढ्यात पुढं म्हणाले, "आन बस न्हाय आली तरी ही कॉलेजला जानार. मी सोडीन हिला गाडीवर. रोज सोडीन."

कॅमेरा चालू होता. पडद्यात मला कोमल दिसत होती. हे वाक्य ऐकायला ती गेल्या वर्षापासून थांबलेली होती.

आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यातल्या पत्रक काढणाऱ्या पोरीला कळलं, की ह्या एका वाक्यानं आमची मागणी बुडाली. चुलते सोडतात म्हटल्यावर कॉलेज बस आत कशाला पाठवेल? कविताच्या घरी गाडी नाही. तिला कोण सोडणार?

तात्या म्हशींना पाणी दाखवायला निघून गेले. आम्ही चौघी घाणेरीजवळ बसलो. मी कोमलला अडचण सांगितली, पण निम्मीच सांगितली. एखाद्या मुलीला तिच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य काप म्हणून कसं सांगायचं?

ती म्हणाली, "शेवटचं कापा ताई."

"तात्यांना वाईट वाटेल."

"वाटू द्या. कुनी विचारलं तर म्हनतील, कुनाचा चुलता हाय कुनास ठावं." तिघी फिसकन हसल्या. मग ती गंभीर झाली. "कापलेलं टाकून देऊ नका. मला पाठवा."

मी कापलं. मग अक्षरं. मला वाटलं, आता प्रश्नच नाही, तात्यांनी तर नाव घेऊन ओळख करून दिली, आता तोंड कशाला झाकायचं. माझा नियम अखेर जिंकला म्हणून मी मनातल्या मनात जरा ताठ झाले होते. मी पट्टी खाली, पायांकडं सरकवली.

"ह्या दोघींच्या तोंडावर टाका," कोमल म्हणाली. कविता मान खाली घालून बसली होती.

"त्यांच्या टाकते. तुझा मोकळा ठेवू?"

तिचा हात पाणी ढवळत होता. "माझ्यावर बी टाका. न्हायतर त्या दोघीच लपल्यावानी दिसतील."

मी टाकली. चार शब्द, तिघींच्या तोंडांवरून आडवे. शेजारी तात्यांचा चेहरा मोकळा, उन्हानं रापलेला, पडद्यावर एकटाच. बघताना वाटलं, ह्यात चूक काहीतरी आहे. बघताना असंही वाटलं, की मी आजवर ज्याला तत्त्व म्हणत आले, त्यापेक्षा ही मुलगी जे करतेय ते मोठं आहे, आणि ते मला नावानिशी सांगता येत नाही. कापलेला तुकडा तिला पाठवला. त्याच्यावर काही लिहिलं नाही.

रील जाऊन आठवडा होऊन गेला. बस अजून आत आलेली नाही. कॉलेजातून 'बघतो' असं उत्तर आलं आहे. लोकांनी खाली हात जोडलेली चित्रं टाकली आहेत.

काल पहाटे मी पुन्हा मावशीकडं होते. मावशी म्हणाली, "जा, बघून ये तुझ्या तात्याची वरात."

तात्या गाडी घेऊन तयार होते, पण कोमल गाडीवर बसलेली नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं होतं, ह्या दोघी चालत आणि मी गाडीवर, असं होणार नाही. तिघी बसवल्या तर गाडी चालत नाही, पोलीस दंड करतील ते वेगळं. तात्या म्हणे थोडा वेळ बडबडले आणि मग गप्प झाले. तेव्हापासून असं चाललं आहे. पुढं तिघी चालतात. मागं तात्या पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जमिनीला घासत, हेडलाइट लावून. पेट्रोल जाळत, पोरींच्या चालीनं.

मी फोन काढला. मी तात्यांच्याही मागं होते, म्हणून पुढच्या तिघी नुसत्या पाठमोऱ्या आकृत्या. धुक्यात त्यांच्या लांबच लांब सावल्या. चेहरे दिसत नव्हते, झाकायचं काही नव्हतं. पडद्याची मधली जागा अगदी मोकळी. समोरून एक ट्रॅक्टर आला. उजेड बघून ड्रायव्हरनं वेग कमी केला, गाणं बंद केलं आणि पूर्ण कडेला घेऊन थांबला. चौघं पुढं गेले. तात्यांनी त्याला हात केला.

मी चालत चालत शूट करत होते आणि सवयीनं शब्द शोधत होते. ह्याच्यावर काय लिहायचं? 'बस आत आली पाहिजे' लिहिलं तर तात्या दिसतायत. तात्यांचं कौतुक लिहिलं तर बस राहते. काही न लिहिलं तर डेअरीतल्या बायकांना काय कळेल, की पहाटेच्या अंधारात हे लोक कुठं निघालेत? प्रत्येक ओळ कुणाच्या तरी तोंडावर जाऊन पडत होती. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, अंगठा पडद्यावर तसाच.

"ताई," कोमलनं पुढून हाक मारली, मागं न वळता, "चला की. मागनं ट्रॉली येतीया."